भरती चढलेली असताना पावसाचे पाणी जाणार कुठे? – पणजीकडून शिकण्यासारखे

बंदीच्या दिवसांतला अभ्यास



बंदी चालू आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस. ट्रॉलर धक्क्याला बांधलेत, लहान होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकल्यात, ओट्यावर बसून जाळी शिवायचे काम चाललेय. हात कामात असले तरी कान मोकळे असतात. म्हणून या दिवसांत आम्ही दरवर्षी एखाददुसरा अभ्यासाचा विषय इथे मांडतो. घरात एकाने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी जाळी शिवता शिवता ऐकावा, एवढीच अपेक्षा.

यंदाचा विषय पुराचा आहे, आणि तो घ्यायला कारणही आहे. आपल्या धक्क्यामागे जी सखल जागा आहे, जिथे पावसात पाणी साठते आणि पोरे शेवटे पकडतात, ती माती टाकून भरावी आणि तिथे जाळ्यांची शेड व गाड्या ठेवायची सोय करावी, असा अर्ज काही सभासदांनी दिला आहे. मागणी चुकीची नाही. जाळी ठेवायला जागा नाही हे आम्हालाही दिसते. नारळी पौर्णिमेनंतर सर्वसाधारण सभा आहे, तिथे हा विषय मताला येणार. मत कोणी कसे द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण हात वर करण्याआधी नदीपलीकडे पणजीत काय झाले आणि काय चालले आहे, ते समजून घेऊ.

१. पाणी का तुंबते?

टीव्हीवर सांगतात, "मुसळधार पावसामुळे शहरात पाणी भरले." हे अर्धेच खरे आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पावसाची आपल्याला नवलाई नाही. पाऊस पडून नदीत उतरला तर काहीच बिघडत नाही. बिघडते ते उतरायला वाट नसली की.

वाट का नसते? हे आपल्याला कोणी शिकवायला नको. भरती! मांडवीच्या मुखाशी अमावस्या-पुनवेच्या उधाणाला भरती आणि सुकती यांत सुमारे सव्वादोन मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या आसपास तो मीटरभरच राहतो. भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत पोचतो. म्हणजे उधाणाची भरती चढली की नदी गटाराच्या तोंडापेक्षा उंच होते. गटारातले पाणी बाहेर जायचे सोडाच, नदीचेच पाणी गटारातून शहरात शिरायला बघते.

एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तासांनी येते. त्यातले चार ते सहा तास सखल भागाचे दार बंद असते असे धरा. त्या तासांत पाऊस थांबत नाही. म्हणून पुराचा खरा प्रश्न एवढाच: दार बंद असताना पडलेले पाणी थांबणार कुठे?

हा एक प्रश्न लक्षात ठेवा. पुढचे सगळे याच्याभोवती आहे.

२. थोडा हिशोब

एक हेक्टर जागा घ्या, म्हणजे १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद. तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होते १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर १०० टँकर. एक चौरस किलोमीटरला तेच १०,००० टँकर.

आणि १०० मिलिमीटर म्हणजे काही जगबुडी नव्हे. हवामान खाते २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर झाला तर त्याला "जोरदार" म्हणते, ११५.६ ते २०४.४ झाला तर "अति जोरदार", आणि त्याहून वर गेला तर "अत्यंत जोरदार". आपल्याकडे जोरदार पाऊस दर पावसाळ्यात होतो. तो सगळा दिवसभर सावकाश पडला तर गोष्ट वेगळी. भरतीच्या चार तासांतच पडला तर हे सगळे टँकर गल्लीत उभे.

३. आपल्या वाडवडिलांनी काय केले?

त्यांनी हा प्रश्न पंपाशिवाय, विजेशिवाय सोडवला होता. तेच आपले खाजन.

नदीकाठी चिखल-मातीचा बांध घातला. बांधात मानस बसवली. मानशीचे लाकडी दार असे टांगलेले की भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ते आपोआप बंद होते, आणि सुकतीला आतले पाणी जोर करते तेव्हा उघडते. माणूस झोपला तरी दार आपले काम करते. आणि दाराच्या आत, शेतापेक्षा खोल, ठेवली पोंय. दार बंद असताना डोंगरावरून, शेतातून आलेले पाणी पोंयीत साठायचे. सुकती लागली, दार उघडले, पाणी नदीत.

म्हणजे पोंय ही नुसती मासळीची जागा नव्हती. पाण्याने थांबायची ती खोली होती. मानशीच्या तोंडाला जाळे लावून शेवटे, कोळंबी, चोणक, कुर्ल्या मिळायच्या हा वरचा फायदा. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन मोजली जाते. तेवढ्या जागेत भात, मीठ, मासळी आणि पूर या चारही गोष्टींचा हिशोब एकत्र बसवला होता.

पूर्वी बांधाची देखभाल गावकारीकडे असायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. काही ठिकाणी चांगली चालली, काही ठिकाणी बांध फुटले ते फुटलेच. आणि खरे बोलायचे तर यात आपल्याही लोकांचा वाटा आहे. मानस लिलावात घेतली की जास्त मासळीसाठी भरतीला दार मुद्दाम उघडे ठेवायचे, खारे पाणी आत घ्यायचे, ही तक्रार शेतकरी वर्षानुवर्षे करत आलेत. ती सगळी खोटी आहे असे आम्ही म्हणू शकत नाही.

४. पणजी कशी वसली?

आजची पणजी बघून वाटत नाही, पण ती बरीचशी दलदलीवर, खाजनावर वसली आहे. मधे आल्तिनोची टेकडी, एका बाजूला मांडवी, पूर्वेला मळा-फोंताइन्यशच्या कडेने जाणारी ओरेंची खाडी, पश्चिमेला ताळगावच्या शेतांकडून येणारी सांतिनेजची खाडी. १८२७ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु हा व्हाइसरॉय असताना सखल जागा भरून रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली.

त्याच्याही आधी, १६३३-३४ साली, पणजी ते रायबंदर हा सुमारे तीन किलोमीटरचा लांबलचक रस्ता-पूल बांधला गेला. तो आजही वापरात आहे. दलदलीतून जाताना त्याच्याखाली पाण्याला ये-जा करायला वाटा ठेवल्या होत्या, म्हणून बाजूची मिठागरे जगली. चारशे वर्षांपूर्वी रस्ता बांधणाऱ्यालाही पाण्याची वाट अडवायची नाही एवढे कळत होते.

पुढे शहर वाढले. शेते गेली, तळी बुजली, खाडीच्या कडेला भिंती आल्या, गाड्यांसाठी डांबर आणि काँक्रीट आले. दार तेच राहिले, आतली खोली मात्र लहान लहान होत गेली. आल्तिनोवरून उतरलेले पाणी पूर्वी ज्या सखल जागेत थांबायचे, तिथे आता दुकाने आहेत. म्हणून जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की १८ जून रस्ता, मळा, सांतिनेज ही नावे बातम्यांत दिसतात.

५. पणजी आता काय करते आहे?

शहर स्वस्थ बसलेले नाही. २०१६ साली पणजीची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. तेव्हापासून रस्ते, गटारे, मलनिस्सारणाच्या वाहिन्या, सांतिनेज खाडीची साफसफाई अशी कामे निघाली. खोदकामाचा त्रास आपण सगळ्यांनीच मासळी बाजारात जाता-येता भोगला आहे. त्यावर बोलत बसण्यापेक्षा एकेक उपाय आपल्या प्रश्नावर घासून बघू: दार बंद असताना पाणी कुठे थांबणार?

पहिला उपाय, गटारे साफ आणि रुंद करणे. हवेच. पण गटार रुंद केले म्हणजे पाणी दारापर्यंत लवकर पोचते. सुकती असेल तर उत्तम. भरती असेल तर तेच पाणी सगळ्यात खालच्या चौकात लवकर जमा होते.

दुसरा उपाय, पंप. मळ्यासारख्या बशीच्या आकाराच्या भागात पाणी उपसून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. पंप म्हणजे बंद दारावरून पाणी उचलून पलीकडे फेकणे. पण त्याला वीज लागते, आणि वादळात वीज आधी जाते. १६ मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा किती भागांत अंधार होता ते आठवा. शिवाय पंप पाण्याबरोबर प्लास्टिक आणि घाणही खाडीत फेकतो. ती मग आपल्या जाळ्यात येते.

तिसरा उपाय, खाडी आणि कांदळवन जपणे. पाटोजवळ ओरेंच्या खाडीकाठी कांदळवनातून लाकडी पायवाट केली आहे, लोक फिरायला जातात. फिरणे ठीक आहे, पण खरा फायदा वेगळा. कांदळवन लाटेचा जोर मोडते, काठाची माती धरून ठेवते, पाण्याला पसरायला जागा देते, आणि कोळंबीची पिल्ले तिथेच वाढतात. समोर चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १.७८ चौरस किलोमीटरचे हे कांदळवन एक पैसा वीजबिल न घेता काम करते.

चौथा उपाय, उरलेली सखल जागा भरू न देणे. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कठीण. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींचा वेगळा उल्लेख झाला: त्यांचे नकाशे करावेत, तिथली कांदळवने जपावीत, तिथे बांधकाम होऊ नये. कागदावर हे आहे. पण मातीचा ट्रक रात्री येतो आणि कागद कपाटात असतो.

६. मुंबईने पैसे मोजून काय घेतले?

हाच प्रश्न मुंबईचा, फक्त कितीतरी मोठा. म्हणून तिकडेही एक नजर टाकू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शेकडो माणसे गेली. तिथली जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती. त्यानंतर गटारांची क्षमता वाढवायचे काम झपाट्याने हाती घेतले, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर अशा ठिकाणी मोठी पंपिंग स्टेशन उभी राहिली. भरतीला दारे बंद करायची आणि पंपाने पाणी समुद्रात टाकायचे.

तरी हिंदमाताला पाणी भरतच राहिले. तेव्हा महापालिकेने २०२१ पासून काय केले? दादर-परळ भागात मैदानाखाली आणि उद्यानाखाली मोठमोठ्या टाक्या बांधल्या. भरती असताना पाणी टाकीत साठवायचे, सुकती लागली की सोडायचे.

म्हणजे काय, ओळखलेत? जमिनीखाली काँक्रीटची पोंय! जी आपल्याकडे फुकट होती, ती त्यांना कोट्यवधी रुपये खर्चून परत बांधावी लागली. हसण्यासारखे नाही हे. आपणही भरत गेलो तर एक दिवस आपल्यालाही तेच करावे लागेल, आणि आपल्याकडे मुंबई महापालिकेची तिजोरी नाही.

७. पुढचे दिवस सोपे नाहीत

भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे उत्तर हिंदी महासागराची पातळी अलीकडच्या दोन-अडीच दशकांत वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली आहे. आकडा लहान वाटतो. २५ वर्षांनी गुणा, ८ सेंटिमीटर होतात, चार बोटे.

चार बोटांनी काय होते? उधाणाच्या दिवशी पाणी तासाला साधारण फूटभर चढते. म्हणजे चार बोटांसाठी त्याला पंधरा मिनिटे लागतात. मानशीचे दार पंधरा मिनिटे आधी बंद होणार आणि पंधरा मिनिटे उशिरा उघडणार. प्रत्येक भरतीला अर्धा तास जास्त. बांध तोच, मानस तीच, पाऊस तोच, तरी आतले पाणी वाढणार. म्हणून पाण्याने थांबायची जागा आता कमी करायची नाही, उलट वाढवायची वेळ आली आहे.

८. आता आपल्या धक्क्यामागची जागा

आम्ही ती पावलांनी मोजली. साधारण ४० मीटर बाय ५० मीटर, २,००० चौरस मीटर. काठोकाठ भरली की सरासरी अर्धा मीटर पाणी राहते. म्हणजे १,००० घनमीटर. वरचा हिशोब आठवा: एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस, तोही १,००० घनमीटर. आणि आपला वाडा साधारण एक हेक्टरचाच आहे.

म्हणजे जोराच्या पावसाचे वाड्यातले सगळे पाणी आज त्या जागेत थांबते. ती भरली तर ते नाहीसे होणार नाही. सगळ्या वाड्यावर सारखे पसरले तर १० सेंटिमीटर, अर्धी वीत. पण पाणी सारखे पसरत नाही. वरच्या आळीतली घरे कोरडी राहतील आणि खालच्या आळीत चूल बुडेल. शेडचा उपयोग सगळ्यांना, पाणी मात्र काहींनाच. सभेत बसताना हे मनात असू द्या. खालच्या आळीतल्या एका काकी आम्हाला म्हणाल्या, "जाळ्यांना छप्पर द्या रे, पण माझ्या घरात नदी आणून नको." यापेक्षा सोपे करून आम्हाला सांगता येणार नाही.

समितीचे मत असे झाले आहे: जागा भरू नये. शेड खांबांवर उभारावी, खालून पाणी मोकळे राहील अशी. गाड्या रस्त्याच्या वरच्या कडेला लावाव्यात. खांबांच्या शेडला खर्च जास्त येईल, हे आम्ही लपवत नाही. अंदाजपत्रक सभेत ठेवू. शेवटचा शब्द सभेचा.

९. या पावसाळ्यात प्रत्येकाने करायच्या गोष्टी

१) भरतीचे वेळापत्रक आणि पावसाचा इशारा एकत्र वाचा. नुसता ऑरेंज अलर्ट आणि अष्टमीची भरती, हा एक प्रकार. ऑरेंज अलर्ट आणि पुनवेची भरती, हा दुसरा प्रकार. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतल्यांनी धान्य, कागदपत्रे, गॅसची शेगडी आधीच वर उचलावी.

२) हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून उंच लाटांचे आणि समुद्र फुगण्याचे इशारे येतात. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या समुद्रातल्या वादळाच्या लाटा इथे येऊन आदळतात. पाऊस नाही म्हणजे धोका नाही, असे धरू नका.

३) जुनी, फाटलेली जाळी नाल्यात टाकू नका. गेल्या वर्षी मानशीच्या दारात अडकलेली गाठ आम्ही चौघांनी मिळून कापून काढली, ती आपल्याच जाळ्यांची होती. दार अर्धे उघडे राहिले की भरतीचे पाणी सरळ आत. जुनी जाळी संस्थेच्या आवारात आणून द्या.

४) होडी बांधताना दोर उधाणाच्या हिशोबाने ठेवा. वरून पुराचे पाणी आणि खालून भरती भिडली की नदी नेहमीपेक्षा वर चढते. आखूड दोराने होडी एका बाजूला कलते आणि भरते. बाहेरचे इंजिन, बॅटरी, डिझेलचे कॅन काढून उंचावर ठेवा. सांडलेले डिझेल पुराबरोबर घरात येते.

५) होडीची नोंदणी, परवाना, विमा, बँक पासबुक, आधार यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, आणि मोबाईलमध्ये फोटो. नुकसान झाले तर पाणी ओसरण्याआधी फोटो काढा. पंचनाम्याला तेच उपयोगी पडतात.

६) समुद्रात किंवा नदीच्या मुखाशी संकट आले तर तटरक्षक दलाचा १५५४, जमिनीवर ११२. हे दोन नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा, पोरांनाही पाठ करायला सांगा.

७) वाड्याजवळच्या सखल जागेत, कांदळवनात रात्री मातीचा ट्रक उतरताना दिसला तर संस्थेला कळवा. एकट्याने भांडू नका. तक्रार संस्थेच्या नावाने जाईल.

शेवटी एकच. भरती थांबवणे आपल्या हातात नाही, पाऊसही नाही. पाण्याने थांबायची जागा ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. वाडवडिलांनी ती ठेवली म्हणून आपण इथे नांदतोय. सभेला या, बायकांनीही या, खालच्या आळीतल्यांनी तर नक्कीच या. हिशोबात काही चुकले असेल तर धक्क्यावर भेटून सांगा, दुरुस्त करू.

समितीच्या वतीने,
सचिव